शूर्पारक ते सोपारा : एका बंदराच्या नावाची कुळकथा

आपल्या भागात दिवाळीनंतर धान खळ्यावर येते आणि घरोघरी सुपांची आठवण होते. मळणीयंत्रे आली, तरी घरातले सूप अजून गेलेले नाही. बुरुडाने बांबूच्या कांबट्यांचे विणलेले, मागे खोलगट नि पुढे पसरट असे ते साधन. मागल्या वर्षी वर्गात 'प्राकृतातून मराठी' हा भाग शिकवताना मी फळ्यावर 'शूर्प – सुप्प – सूप' असे लिहिले. सर्प – सप्प – साप, कर्म – कम्म – काम ही नेहमीची उदाहरणे त्याखाली दिली, आणि शेवटी सहज 'शूर्पारक – सोपारा' असेही लिहून टाकले. त्यावर मागल्या बाकावरील एका विद्यार्थिनीने हात वर केला. तिचा भाऊ मुंबईकडे नोकरीला असून नालासोपाऱ्यास राहतो. "सर, तेच का हे सोपारा? आणि सुपाचा तिथं काय संबंध? तिथं तर 'ओ' आहे, 'ऊ' नाही." प्रश्न इतका नेमका होता, की घंटा होईपर्यंत मला त्याचे पुरते उत्तर देता आले नाही. ते उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करतो.

पारशिवनीच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे याचे कुणाला हसू येईल. पेंचेचे पाणी कन्हानेला, कन्हानेचे वैनगंगेला, पुढे प्राणहितेतून गोदावरीला जाऊन मिळते, आणि आपला जो काही संबंध असेल तो पूर्वसमुद्राशी. सोपारा आहे पश्चिम समुद्रावर. वसईच्या उत्तरेस, उल्हास आणि वैतरणा या दोन नद्यांच्या मुखांमधल्या पट्टीत ते वसले आहे. पूर्वी तो प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. आज तेथे लोकलगाड्यांच्या गर्दीने ओसंडणारे उपनगर आहे. 'नालासोपारा' हे स्टेशनाचे नाव नाळे आणि सोपारे या दोन जुन्या गावांचे मिळून झाले आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी हे नाव अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते.

अलेक्झांड्रियाचा उल्लेख मुद्दामच केला. भूमध्य समुद्रावरील त्या महान बंदराच्या नावाविषयी वाद संभवत नाही. इ. स. पू. 331 मध्ये अलेक्झांडरने ते वसविले आणि स्वतःचेच नाव दिले. पुढे अरबांनी त्या नावाचे 'अल्-इस्कंदरिया' केले, म्हणजे आरंभीचे 'अल्' हे आपल्या भाषेतील उपपदच आहे असे समजून उरलेल्या भागालाच नाव मानले. परक्याच्या कानावर पडलेले नाव कसे बदलते याचा हा मासला लक्षात ठेवावा, कारण सोपाऱ्याच्या बाबतीत आपल्याला परक्यांच्या कानांचाच मोठा आधार घ्यावयाचा आहे. सोपाऱ्याला नाव कोणी दिले हे कोणत्याही शिलालेखात कोरलेले नाही. जे आहे ते म्हणजे वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या माणसांनी केलेला त्याचा उच्चार.

आधी घरचे उच्चार पाहू. महाभारतात 'शूर्पारक' येते. सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयात ते आहे, पांडवांच्या तीर्थयात्रेत आहे, आणि समुद्राने परशुरामासाठी शूर्पारक नावाची भूमी मोकळी करून दिली अशी कथाही शांतिपर्वात आहे. पाली ग्रंथांत त्याच गावाला 'सुप्पारक' म्हटले आहे. वल्कले नेसणारा बाहिय याच सुप्पारकात राहत होता, आणि लंकेस जाणारा विजय वाटेत येथेच उतरला होता, असे ते ग्रंथ सांगतात. लेण्यांमधील लेखांकडे वळले म्हणजे आपण अधिक पक्क्या जमिनीवर येतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका खांबाचा दाता 'सोपारक' गावचा आहे. नाणेघाटातील पाण्याच्या एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आहे. घाट चढून घामाघूम झालेल्या वाटसरूंना पाणी मिळावे म्हणून बंदरावरच्या माणसाने इतक्या दूर टाके खोदवावे, याचा अर्थ त्या वाटेने त्याचे जाणे-येणे होते किंवा त्याचा माल तरी जात होता. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात 'शोर्पारग' असे रूप येते. हा लेख धड संस्कृतात नाही, धड प्राकृतातही नाही. आणि गावाचे नावही तसेच मध्येच अडकलेले आहे. आरंभीचा 'श' व मधला रफार संस्कृतासारखा, पण 'ऊ'चा 'ओ' मात्र बोलीप्रमाणे झालेला!

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा पहिला भाग सुटतो. प्राकृतात जोडाक्षरापूर्वीच्या 'उ'चा 'ओ' होण्याची प्रवृत्ती आहे. तुंड याचे तोंड, शुंडा याची सोंड, पुस्तक याचे पोत्थअ आणि त्यापासून आपली पोथी. त्याच रीतीने सुप्पार याचे सोप्पार झाले. धान्य पाखडण्याच्या साधनाच्या नावात 'उ' टिकून पुढे दीर्घ झाला आणि गावाच्या नावात त्याचा 'ओ' झाला, इतकाच फरक. शेवटच्या 'क'चा लोप होऊन '-आरक' याचे '-आरा' होणे हे तर घोडा, दिवा या शब्दांवरून विद्यार्थ्यांना परिचित आहेच.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. शूर्पारक हे मूळ नाव, आणि सुप्पारक हा त्याचा अपभ्रंश, हे आपण गृहीत धरून चाललो आहोत. ते उलट असले तर? बोलीतल्या नावाला पंडितांनी संस्कृत वेष चढविल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात थोडी नाहीत. सोपाऱ्याच्या बाबतीत दुसरी एक व्युत्पत्ती फार प्राचीन काळापासून प्रचलित आहे. जातककथांत सुप्पारक नावाचा एक नाखवा येतो. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले, तरी व्यापारी त्यालाच गलबतावर घेऊन गेले, आणि अज्ञात समुद्रांतून त्याने त्यांना सुखरूप परत आणले. आर्यशूराच्या जातकमालेत हाच नाखवा 'सुपारग' म्हणून येतो. सुपारग म्हणजे उत्तम प्रकारे पार जाणारा, आणि त्याच्या नावावरून त्याच्या बंदरालाही सुपारग म्हणू लागले असे तेथे म्हटले आहे. अर्थ मोठा मनोहर आहे. बंदराला 'पार नेणारे' याहून शोभेल असे नाव कोणते?

नाव मनोहर आहे म्हणून ते खरे मानावे काय? येथे ध्वनिनियमांची साक्ष काढली पाहिजे. प्राकृतात दोन स्वरांमध्ये एकटा 'प' आला तर त्याचा बहुधा 'व' होतो. दीप याचा दिवा, कपाट याचे कवाड, ताप याचा ताव. 'सुपार' असे मूळ नाव असते तर आज त्या स्टेशनावर 'सोवारा' किंवा 'सुवारा' अशी पाटी असण्याची शक्यता अधिक होती. 'प' टिकला, याचा अर्थ तो दुहेरी होता, 'प्प' होता. आणि दुहेरी 'प्प' बहुधा 'र्प'सारख्या जोडाक्षरातून येतो. यावर कोणी म्हणेल, समासातल्या दुसऱ्या पदाचा पहिला वर्ण पुष्कळदा शाबूत राहतो, तेव्हा 'सु' आणि 'पार' हे दोन शब्द बोलणाऱ्याला वेगळे जाणवत असतील तर 'प' टिकेलही. आक्षेप योग्य आहे. तेव्हा प्रत्यक्षात लोक 'प' म्हणत होते की 'प्प', हे कळायला हवे. पाली ग्रंथांत 'प्प' आहे, पण ते बऱ्याच उशिरा लिहून ठेवले गेले. कार्ल्याच्या आणि नाणेघाटाच्या लेखांना विचारावे, तर ते याबाबतीत मुके आहेत, कारण त्या काळच्या प्राकृत लेखांत दुहेरी व्यंजन एकेरीच लिहिण्याची रीत होती. 'सोपारक' असे कोरले असले तरी वाचणारा ते 'सोप्पारक' म्हणून वाचत असेल.

दगड जेथे गप्प बसतो, तेथे भूमध्य समुद्राकडून आलेला एक साक्षीदार बोलतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास ईजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' नावाचे लहानसे पुस्तक लिहिले. पेरिप्लस म्हणजे काठाकाठाने केलेली सफर. लेखकाचे नाव उपलब्ध नाही; परंतु त्याचे लिहिणे असे, की हा माणूस बंदरे स्वतः पाहून आलेला आहे याविषयी शंका राहू नये. कुठे वाळूचे दांडे आहेत, कुठे ओहोटीला गलबत रुतते, कोणता माल खपतो आणि राजाला काय नजर करावे लागते, याची तो रोखठोक माहिती देतो. या माणसाने आपल्या बंदराचे नाव 'सूप्पारा' असे लिहिले आहे, आणि ग्रीक लिपीत त्यात 'प' दोनदा आहे!

हा दोनदा लिहिलेला 'प' मला फार मोलाचा वाटतो. त्या व्यापाऱ्याला संस्कृत येत नव्हते, व्युत्पत्तीशी त्याला कर्तव्य नव्हते. तांडेल, हमाल, दलाल जे म्हणत होते ते त्याने ऐकले आणि लिहिले. त्याच्या लेखनात रफार नाही, म्हणजे धक्क्यावर कोणी 'शूर्पारक' म्हणत नव्हते. आरंभी 'श' नाही, 'स' आहे. अर्थात ग्रीकांना 'श' लिहिण्याची सोय नव्हती, तेव्हा त्यावर भर देता येत नाही. पण दुहेरी व्यंजन ग्रीकांना उत्तम कळत होते. तेव्हा पंडिताच्या लेखणीत काहीही असो, बंदरावर इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'सुप्पार' असाच उच्चार चालू होता, असे म्हणण्यास आधार मिळतो. आणि सुपारग नाखव्याची सुंदर व्युत्पत्ती मागे पडून सुपाचे पारडे जड होते. गावाचा किंवा खाडीचा आकार सुपासारखा होता म्हणून हे नाव पडले, की सूप विणणाऱ्यांची वस्ती तेथे होती म्हणून पडले, हा पुढचा तर्क.

त्या तर्काला एक गमतीचा दुवा आहे. सोपाऱ्यात विटांचा एक मोठा उंचवटा होता, त्याला गावकरी 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुरूड हा सुपे, टोपल्या विणणारा. बुरुडांचा राजा असल्याचे इतिहासात कोठे आढळत नाही. मग या गावालाच तो का मिळाला? माझी अशी समजूत आहे, की गावाच्या नावातले सूप लोकांना कधीच विसरले नव्हते. पुराणिकांना सुपाने परशुरामाची भूमी आठवली, गावकऱ्यांना त्याच सुपाने बुरूड राजा दिला. पालथ्या टोपलीसारखा दिसणारा तो उंचवटाही या कल्पनेला पोषक झाला असेल. तो उंचवटा खरोखर काय होता, हे पुढे येईलच.

पेरिप्लसकाराकडे पुन्हा वळू. अलेक्झांड्रियातून निघालेला माल नाईल नदीतून कोप्टोसपर्यंत बारा दिवसांनी पोचे. तेथून उंटांवर लादून, दिवसाच्या उन्हामुळे बहुधा रात्रीचा प्रवास करीत, आणखी बारा दिवसांनी तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरात, असा हिशेब रोमन लेखक प्लिनी देतो. तेथे गलबते भरत आणि पावसाळी वाऱ्यांच्या जोरावर हिंदुस्थानचा किनारा गाठीत. भडोच बंदराविषयी पेरिप्लसमध्ये जी यादी आहे, तीवरून या किनाऱ्यावर काय उतरत असे ते कळते. इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच, आणि सोन्याचांदीची नाणी. राजासाठी चांदीची भांडी व गाणारी पोरे. येथून जाई ते हस्तिदंत, अकीक, कापड, मिरे, सुगंधी मुळ्या. पैठणचा अकीक आणि तेर येथील कापड गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचला नेत, असे तो सांगतो. पैठण भडोचपासून वीस दिवसांवर आणि तेर त्याच्या पुढे पूर्वेस दहा दिवसांवर, असा त्याचा अंदाज आहे.

येथे मनात प्रश्न उभा राहतो. पैठणला सोपारा आणि कल्याण जवळ असताना हा माल इतक्या लांब भडोचला का जात होता? उत्तर त्यानेच दिले आहे. थोरल्या सरगनोसच्या, म्हणजे सातकर्णीच्या काळी कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते दुसऱ्याच्या हाती गेले आणि तेथील व्यापाराला अडथळा झाला. ग्रीक गलबत चुकून तेथे आले, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेले जाई. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील वैर असे बंदरांच्या नाकाबंदीतून चालले होते. राज्यकर्त्यांच्या भांडणात व्यापाऱ्यांची कशी ओढाताण होते, हे यावरून दिसते. ज्या नहपानाच्या पक्षाने ही नाकाबंदी केली असे समजले जाते, त्याचाच जावई उषवदात नाशिकच्या लेखात आपले दानधर्म मोठ्या अभिमानाने सांगतो. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे त्याने वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. तापी, दमणा, डहाणूकडील दाहनुका इत्यादी नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. सोपाऱ्याच्या रामतीर्थासह काही ठिकाणच्या चरक परिषदांना बत्तीस हजार नारळी दान दिल्या. यातील 'रामतीर्थ' हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. परशुरामाशी सोपाऱ्याचा जोडलेला संबंध एवढा जुना आहे, आणि कोकणात नारळीच्या बागा होत्या याचाही हा उत्तम पुरावा होय.

आपल्या विदर्भाचा या व्यापाराशी काही धागा होता काय? 1939 साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, आणि नागपूरचे थोर पंडित म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या साठ्यात यज्ञ सातकर्णीचीही नाणी होती. याच यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे सोपाऱ्याच्या त्या 'बुरूड राजाच्या कोटात' सापडले. एका टोकाला वऱ्हाडातले खेडे, दुसऱ्या टोकाला समुद्रावरचे बंदर, आणि दोन्हीकडे एकाच राजाचे नाणे!

तो कोट 1882 च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उघडला. जुनागढचा हा विद्वान डॉ. भाऊ दाजींच्या तालमीत तयार झालेला. त्याने उंचवट्याच्या मध्यभागी खणले, तेव्हा विटांच्या लहान कोठडीत दगडाचा एक गोल करंडा निघाला. झाकण उचलले, तर मध्ये तांब्याची डबी आणि तिच्याभोवती बुद्धांच्या आठ ब्राँझ मूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची, आणि सर्वांच्या आत सोन्याची डबी. त्या सोन्याच्या डबीत काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे! भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून श्रद्धेने ते जपून ठेवले असावेत, असा निष्कर्ष भगवानलालांनी काढला. सोन्याच्या आत खापर ठेवणाऱ्यांच्या मनाचा विचार करीत मी हे वर्णन अनेकदा वाचले आहे. मूर्ती आठव्या-नवव्या शतकांतल्या दिसतात, नाणे दुसऱ्या शतकातले आहे, म्हणजे स्तूप मध्यंतरी पुन्हा उघडून त्यात भर घातली गेली असली पाहिजे. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात गेल्या. बुरूड राजाचा कोट हा बौद्ध स्तूप ठरला.

त्याच वर्षी भगवानलालांना भाटेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे 1956 मध्ये भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. नागपूरकरांना त्या वर्षाची आठवण करून देण्याची गरज नाही. दीक्षाभूमीवरचा सोहळा त्याच वर्षीचा. अशोकाच्या चौदा लेखांपैकी सोपाऱ्याच्या वाट्याला नेमके हे दोनच शिल्लक राहिले, यात योगायोगाखेरीज काही नाही. तरी पण आठवा लेख राजाने शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा कशी सुरू केली ते सांगतो, आणि नवव्यात लोक आजारपणी, लग्नकार्यात, मूल झाले असता आणि प्रवासाला निघताना जे नाना विधी करतात त्यांचा समाचार घेतला आहे. गलबते निघताना ज्या धक्क्यावर नारळ फुटत असतील, त्या धक्क्याजवळ हा लेख उभा होता! नाखव्यांनी तो वाचून नारळ फोडणे थांबविले असेल असे मला वाटत नाही.

आता एका मोहाविषयी बोलले पाहिजे. सोपाऱ्याचा गौरव करताना पुष्कळ लेखक बायबलातील ओफिर म्हणजेच सोपारा असे सांगतात. ज्यू राजा सॉलोमनची जहाजे ओफिरहून सोने घेऊन आली, अशी ती कथा आहे. बायबलचे ग्रीक भाषांतर इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात होऊ लागले, त्यात ओफिरचे नाव 'सोफिर' असे आले, आणि तेवढ्या 'स'वर सारी इमारत उभी आहे. सॉलोमनचा काळ इ. स. पू. दहावे शतक धरतात. सोपाऱ्याचा हाती असलेला सर्वांत जुना लेख अशोकाचा, म्हणजे सुमारे सातशे वर्षांनंतरचा. मूळ हिब्रू नावात 'स' नाहीच. शिवाय कोकणात सोन्याच्या खाणी नाहीत. ओफिर अरबस्तानात होते, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर होते, असे म्हणणारे विद्वानही आहेत. माझे मत विचाराल तर, भाषांतरकारांच्या काळी अलेक्झांड्रियात हिंदुस्थानच्या बंदरांची नावे कानांवर येऊ लागली असतील आणि त्यातून तो 'स' शिरला असेल, हे शक्य आहे. पण त्यावरून सॉलोमनची जहाजे वसईच्या खाडीत आणणे हे फार झाले. ज्या गावाच्या नावे अशोकाचा लेख आणि ग्रीक व्यापाऱ्याची साक्ष आहे, त्याला उसन्या सोन्याची गरज काय?

हे सर्व ऐकून वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, "मग आपल्या पारशिवनीतला 'पार' कोणता?" मी त्याला म्हटले, शिवनी नावाची गावे विदर्भात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात पुष्कळ आहेत, आधी ती सारी एकत्र मांड, जुन्या सनदा आणि बंदोबस्ताचे कागद पाहून प्रत्येकाचे जुन्यात जुने लिहिलेले रूप शोध, म्हातारे लोक काय उच्चार करतात ते टिपून घे, आणि मग व्युत्पत्तीला हात घाल. तो थोडा हिरमुसला. त्याला लगेच उत्तर हवे होते.

सोपाऱ्याच्या समुद्रापारच्या संबंधाचा अगदी अलीकडे मिळालेला पुरावा आपल्याकडचा नसून ईजिप्तमधला आहे. वर ज्या बेरेनिके बंदराचा उल्लेख आला, तेथे पोलिश आणि अमेरिकन संशोधकांच्या उत्खननात 2022 साली इसिस देवीच्या मंदिराच्या अंगणात बुद्धमूर्ती सापडली. उंची 71 सेंटिमीटर, आणि दगड भूमध्य समुद्राकडचा संगमरवर. ती अलेक्झांड्रियात घडविलेली असावी असा संशोधकांचा अंदाज आहे. त्याच मंदिरात एक संस्कृत लेख आणि सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. तो लेख रोमन बादशहा फिलिपच्या काळातला, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या मध्याचा. आजवर आपण ग्रीक व्यापारी आपल्याकडे आले असेच शिकवीत होतो. आता असे दिसते, की आपल्याकडची माणसे तेथे जाऊन राहत होती, तेथल्या पाथरवटाकडून मूर्ती घडवून घेत होती, आणि परक्या देवीच्या अंगणात तिला जागाही मिळत होती. त्यांत सोपाऱ्याचे कोणी होते असे म्हणण्यास लेखी आधार नाही. पण सातवाहनांची नाणी कमरेला बांधून कोणत्या ना कोणत्या धक्क्यावरून ती माणसे निघाली असणारच.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळी सोपारा हे नाणावलेले नगर होते. बाराव्या शतकात अपरादित्य राजाने शूर्पारकाहून तेजकंठ नावाच्या पंडितास काश्मीरच्या विद्वत्सभेस पाठविले होते, असे मंख कवीच्या श्रीकंठचरितावरून कळते. म्हणजे पंडितांच्या तोंडी अजून 'शूर्पारक'च होते. त्याच सुमारास अरब भूगोलकार मात्र 'सुबारा' लिहीत होते, कारण अरबीत 'प' नाही. ग्रीकाने 'प' दोनदा लिहिला, अरबाला एकदाही लिहिता आला नाही. 1321 मध्ये ठाण्यास चार ख्रिस्ती साधू मारले गेले, तेव्हा त्यांचे सोबती जोर्दानुस यांनी त्यांना सोपाऱ्यास आणून पुरले. त्यांच्या लेखणीत गावाचे नाव 'सुपेरा' झाले आहे.

तोवर बंदराचे बंदरपण सरत आले होते. नद्यांनी आणलेल्या गाळाने खाडी उथळ होत गेली, मोठी गलबते आत येईनात. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि त्यांनी समुद्रालगत किल्ला उभारला. व्यापार तिकडे गेला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा लढाई झाली ती त्या किल्ल्यासाठी. सोपारा एव्हाना तळ्याकाठचे बागायती गाव झाले होते.

त्या विद्यार्थिनीने सुट्टीत भावाकडे जाऊन स्तूप पाहिला. रिक्षावाल्याला 'स्तूप' म्हटले की तो नेऊन सोडतो, असे ती म्हणाली. झाडे, कुंपण, आणि मध्ये विटांचा ढीग. पांढरी वस्त्रे नेसलेली काही मंडळी वंदना म्हणत बसली होती. खाडी कुठे आहे ते मात्र विचारूनही नीट कळले नाही. परतीच्या गाडीची वाट पाहत ती फलाटावर उभी होती, तेव्हा शेजारची एक आजी मोबाइलवर कुणाला तरी आपण कुठे आहोत ते सांगत होती. "सर," ती मला म्हणाली, "त्या 'सोप्पारा' म्हणत होत्या. 'प' दोनदा."